सात रिकामे चौकोन

"मॅडम, मला एवढंच सांगा, पूर्ण डोस देऊ की अर्धा?"

"वय?"

"अहो, पेशंट माझ्यासमोर ओकतोय."

"ओकू दे. वय किती?"

"असेल साठीचा."

"असेल म्हणजे? भोपळा घेताय का, असेल दोन किलोचा म्हणायला?"

"एकसष्ट! कागदावर एकसष्ट लिहिलंय. झालं समाधान? आता सांगा."

"वजन?"

"मॅडम!"

"ओरडू नका, डॉक्टर. मला अजून कमी ऐकू यायला लागलेलं नाही. वजन."

"आता काय उचलून तोलू त्याला?"

"उचलायला नको. नजरेने सांगा. तुमच्याहून जाड की बारीक?"

"बारीक. पंचावन्न धरा."

"धरले. किडनीचा आकडा?"

"तोच तर चढलाय! आठच्या वर गेलाय. म्हणूनच विचारतोय ना, अँटिबायोटिकचं इंजेक्शन पूर्ण की अर्धं."

"लघवी?"

"कालपासून नाहीच म्हणतो."

"आणि आधीची कुठली औषधं चालू आहेत?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज. "ते... विचारायचं राहिलं."

"मग विचारून या. प्रत्येक गोळीचं नाव, किती दिवस घेतली, कोणी सांगितली. मी फोन धरते."

"धरून बसणार तुम्ही?"

"सव्वीस वर्षं धरून बसलेय. जा तुम्ही."

तळमजल्यावर जिना वळतो तिथे, एक्स-रेच्या रांगेला खेटून ही खोली. पूर्वी इथे मोडक्या चाकांच्या खुर्च्या ठेवायचे. आता एक टेबल, एक लोखंडी कपाट, दोन फोन, एक संगणक आणि बाई. कपाटामुळे दार पूर्ण उघडत नाही, त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण आधी एक खांदा आणतो, मग उरलेला स्वतः येतो. दारावर 'औषध माहिती कक्ष' अशी पाटी आहे. ती कोणी वाचत नाही. दिवसातून वीस खांदे येतात आणि विचारतात, "एक्स-रे इथेच का?"

"बाहेर, डावीकडे," बाई मान वर न करता सांगतात. या एका उत्तराआधी त्या उलट काही विचारत नाहीत.

बाकी सगळ्या उत्तरांआधी विचारतात. म्हणून अख्ख्या रुग्णालयात त्यांचं नाव पडलंय 'उलटतपासणी'. "उलटतपासणीला लाव फोन," असं नर्स एकमेकींना सांगतात, आणि "आधी पेशंटचा कागद हातात घे, नाहीतर झोडपेल," असंही. फोन येतात ते असे: नळीतून अन्न देतात त्या आजोबांची ही गोळी कुटून दिली तर चालेल का? हे इंजेक्शन सलाइनमध्ये घातल्यावर पांढरं झालंय, देऊ की फेकू? अंगावर पिणारं बाळ आहे, आईने ही गोळी घ्यावी का? औषधाच्या प्रत्येक पाकिटावर खोलीचा फोन नंबर छापलेला असतो, त्यामुळे घरी गेलेली माणसंही करतात. एक गृहस्थ दर मंगळवारी विचारतात, की गोळी दुधाबरोबर घेऊ की पाण्याबरोबर. चार वर्षं विचारतायत. बाई दर मंगळवारी सांगतात, पाण्याबरोबर, आणि मग विचारतात, जेवलात का.

ही उलट विचारायची रीत बाईंची नाही, जुन्या बाईंची. जुन्या बाईंनी ही खोली भांडून मिळवली, खुर्च्या स्वतः बाहेर ढकलल्या आणि गुलाबी चिठ्ठ्या छापून घेतल्या. प्रत्येक फोनला एक चिठ्ठी. वर प्रश्न, खाली उत्तर, आणि मध्ये सात चौकोन: कोणासाठी, वय, वजन, किडनी आणि यकृत, चालू औषधं, किती दिवस, आणि आत्ता का विचारताय. चौकोन भरल्याशिवाय उत्तराच्या रेघेवर पेन टेकवायचं नाही. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं होतं, "साधा प्रश्न असला तरी?"

"साधा आहे हे तुला कोणी सांगितलं?" जुन्या बाई म्हणाल्या होत्या. "फोनवर माणूस दिसत नाही, पोरी. विचारत गेलं की दिसायला लागतो. केस, दात, सुजलेले पाय, सगळं दिसतं. तोवर तू हवेला उत्तर देतेयस."

जुन्या बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. दोन खुर्च्यांची एक खुर्ची झाली. बाईंनी आपल्या पदरचा एक प्रश्न चिठ्ठीच्या कडेला हाताने लिहायला सुरुवात केली: काम काय करतो? छापील नाही, सक्ती नाही. पण भाऊ शिंपी असल्यामुळे त्यांना ठाऊक होतं, की माणूस दिवसभर कसा बसतो यावरून त्याचं निम्मं दुखणं कळतं.

भाऊ म्हणजे दादा. वडील गेले तेव्हा दादा एकोणीसचा आणि बाई बारा वर्षांच्या. दादाने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि वडिलांच्या मशीनवर बसला तो बसलाच. बाईंनी लग्न केलं नाही, घर सोडलं नाही. दादा, वहिनी आणि बाई, एका छताखाली तीस वर्षं. नोकरी लागली त्या दिवशी दादाने पांढरा कोट शिवून दिला, उजवीकडे गुलाबी चिठ्ठ्यांच्या मापाचा खिसा असलेला. पुढचे सगळे कोटही त्यानेच शिवले. माप घ्यायचा नाही. "तुझं माप काय घ्यायचं, शहाणे? समोर वाढलीस," असं म्हणायचा.

"मॅडम? आहात का?"

"बोला."

"पेशंटबरोबर शेजारचा दुकानदार आलाय, त्याने एक पाकीट आणलंय, बाकीचं पेशंटने सांगितलं. एक प्रेशरची गोळी. आठ वर्षं चालू."

बाईंनी लिहिलं. "पुढे."

"पायाला सूज होती म्हणून लघवीची गोळी. दोन महिने."

"पुढे."

"आणि दुखण्याची. कंबर धरायची म्हणे. दिवसाला दोन. सहा आठवडे."

पेन थांबलं. "तिन्ही एकत्र?"

"तिन्ही. वर तीन दिवस जुलाब."

"मग दुसरं काय होणार! प्रेशरची आणि लघवीची घेणाऱ्या माणसाच्या किडनीला आधीच पाणी बेताने मिळतं. दुखण्याच्या गोळीने उरलेला नळ बंद केला. सहा आठवडे! कोणी सांगितली त्याला ही?"

"तीच गंमत आहे. आधी म्हणाला, चांगल्या जाणकार माणसाला विचारून घेतली. मी नाव विचारलं तर तोंड मिटलं. आता म्हणतो, कुणा गिऱ्हाइकाने दिली."

"गिऱ्हाइकाने." बाईंनी तेही लिहिलं. सातही चौकोन भरले होते. उत्तर तयार होतं. सवयीने त्यांचं पेन कडेला सरकलं. "काम काय करतो?"

"हा कुठला प्रश्न आता?"

"माझा. शेवटचा."

"शिंपी आहे. बोटात ते लोखंडी टोपण अजून तसंच आहे. सिस्टर काढायला गेली तर म्हणतो, राहू द्या, परत घालायला अवघड जातं."

"अंगुस्तान," बाई म्हणाल्या.

"काय?"

"त्याला अंगुस्तान म्हणतात." त्यांनी चिठ्ठीवर शिंपी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. "पहिला डोस पूर्ण द्या. पुढचे निम्म्याने, आणि दोन डोसांमधलं अंतर दुप्पट. घरच्या तिन्ही गोळ्या आत्ता बंद. किडनीवाल्या डॉक्टरांना लगेच बोलवा, उद्यावर टाकू नका. लिहून घेतलंत?"

"घेतलं. थँक्यू, मॅडम."

बाईंनी उत्तर लिहिलं, वेळ टाकली, सही केली. मग फोन जागेवर ठेवला. तीस पावलांवर दादा होता, आणि त्यांना उठता येईना.

कारण त्यांना ती सकाळ आठवत होती. आठवावी लागलीच नाही खरं तर, समोर उभीच होती. स्वयंपाकघराचं दार. एका पायात चप्पल, एक पाय उंबऱ्यावर, तोंडात केसांची पिन, बसला सात मिनिटं. दादा दाराला टेकून कंबरेवर हात ठेवून उभा.

"काय गं, दुखण्याची गोळी प्रेशरवाल्याला चालते का?"

"चालते. रिकाम्या पोटी नको."

"बरं."

एवढंच. पिन तोंडातच होती. त्यांना वाटलं, कुणा गिऱ्हाइकासाठी विचारतोय. दादाकडे बाह्यांचं माप द्यायला आलेली माणसं जाता जाता गोळ्यांचं विचारून जायची. "तुमच्या बहिणीला विचारा ना जरा." दादा वैतागायचा, "माझं दुकान आहे की तुझी शाखा?" पण निरोप चोख आणायचा आणि चोख न्यायचा. त्या निरोपांनाही बाई उलट विचारायच्या, आणि दादा हात जोडायचा: "बाई गं, मला शर्टाची छाती माहीत असते, त्याचं यकृत माहीत नसतं."

त्या दिवशी नाही विचारलं. बस होती हे एक. दुसरं म्हणजे दादा समोर उभा होता. अख्खा दिसत होता.

आणि पायाची सूज? ती वहिनींना माहीत होती. वहिनी त्याला दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या, गोळी आणली, त्यांच्या कपाटातल्या पत्र्याच्या डबीत ठेवली. दादाची औषधं हे वहिनींचं खातं. दिवसभर जगाच्या गोळ्या उपसून आल्यावर बाई ती डबी कधी उघडायच्या नाहीत. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस, गणवेशांचा ढीग, दादा सकाळपासून मशीनवर. चार दिवसांची गोळी त्याने सहा आठवडे घेतली, कारण बहीण 'चालते' म्हणाली होती, आणि किती दिवस हे तिने सांगितलं नव्हतं. आज सकाळीही तो अंथरुणावर होता. "पोट बिघडलंय," म्हणाला. "पाणी पीत राहा," असं सांगून त्यांनी बस पकडली होती.

शेवटी बाई पोचल्या तेव्हा दादा पडदा ओढलेल्या खाटेवर होता. चेहरा मेणासारखा. शेजारी कुलूपवाला उभा होता. दादाच्या दुकानाला लागून त्याचं किल्ल्या करून देण्याचं दुकान. अंथरुणावरून उठून दुकानात आलेला दादा मशीनवरून कलंडला तेव्हा यानेच त्याला उचलून रिक्षात घातलं, आणि शहाणपणाने मशीनच्या खणातलं गोळ्यांचं पाकीटही घेऊन आला.

"हिला कोणी सांगितलं?" दादा त्याच्यावर डोळे वटारत म्हणाला. "बजावलं होतं ना, ती कामात असते म्हणून?"

"कोणी नाही सांगितलं. मीच विचारलं," बाई म्हणाल्या.

"तू काय, भिंतीलासुद्धा विचारशील."

कुलूपवाला पाणी आणायला गेला. बाई वाकल्या. "दादा, ती गोळी..."

"कुठली गोळी?"

"तू मला दारात विचारलंस. मी चालते म्हणाले."

"मी कधी विचारलं? एका गिऱ्हाइकाने दिली, मी घेतली. दुखत होतं, घेतली."

"दादा."

"शहाणे, तोंड मीट. आणि तो कोट काढून रड. डाग पडतो." त्याने डोळे मिटले. अंगुस्तानाचं बोट खाटेच्या दांडीवर दोनदा टकटक वाजलं. दुकानात विषय संपला की तो असंच टेबलावर वाजवायचा.

पहिला आठवडा सगळे म्हणत होते, किडनी परत येते. बाईसुद्धा म्हणत होत्या. त्यांनी कपाटातली पुस्तकं काढली, संगणकावर शोधलं, दूरच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या माहिती कक्षाला फोन लावला. तिथल्या मुलीने विचारलं, "कोणासाठी?" आणि बाईंनी सांगितलं, "एका पेशंटसाठी." मुलीने वय विचारलं, वजन विचारलं, सगळं नीट विचारलं. चांगली तयार झालेली मुलगी होती. मग म्हणाली, बहुतेकांची परत येते. आधीपासून कमजोर असेल तर सांगता येत नाही. आधीची तपासणी आहे का?

नव्हती. दादाने आयुष्यात कधी रक्त तपासलं नव्हतं. चौथा चौकोन, किडनी कशी आहे. दारात विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "मला काय माहीत?" आणि त्या म्हणाल्या असत्या, "मग आधी तपासून ये, तोवर गोळी नको."

पाचव्या आठवड्यात किडनीवाल्या डॉक्टरांनी वहिनींना आणि बाईंना समोर बसवलं. टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला. "आता परत येईल असं वाटत नाही," म्हणाले. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. मशीनवर चार चार तास. दुसऱ्या कोणाची किडनी बसवण्याचं विचारलं तेव्हा त्यांनी हृदयाचा अहवाल दाखवला आणि मान हलवली.

वहिनींनी जिन्यात विचारलं, "वन्सं, तीन दिवस म्हणजे किती महिने?"

"कायमचं, वहिनी."

"मशीनवर बसून मशीनच आलं नशिबी," वहिनी म्हणाल्या, आणि कठड्याला धरून हसल्या. ते हसू बाईंना ऐकवेना.

घरात आता पाणी मोजून होतं. दादाला दिवसाला किती प्यायचं ते डॉक्टरांनी सांगितलं, वहिनींनी एका बाटलीला लाल दोरे बांधले: इथवर सकाळी, इथवर दुपारी, इथवर रात्री. दादा बाटलीकडे बघायचा. "माझ्याच दोऱ्याने माझं माप काढलंस," म्हणायचा. दुकान बंद. मशीनवर बाईंचा अर्धा कोट पडून होता, काज-बटणं राहिलेली.

आणि वहिनी शाप देत होत्या. भांडी घासताना, चादर झटकताना. "ज्याने कुणी ती गोळी दिली ना, त्याच्या हाताला किडे पडतील. त्याच्या घरात असंच अंथरूण पडेल." बाई ताटासमोर बसून ऐकायच्या. दादा भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, "पुरे कर गं."

"का पुरे? नाव सांगा ना मग. कोण तो गिऱ्हाईक?"

"आठवत नाही."

"तुम्हाला पंधरा वर्षांपूर्वीच्या शर्टाची कॉलर आठवते!"

बाईंनी एक चिठ्ठी लिहिली. रुग्णालयात, कामाच्या वेळेत, गुलाबी कागदावर. विचारणारा: भाऊ. प्रश्न: दुखण्याची गोळी प्रेशरवाल्याला चालते का. उत्तर: चालते, रिकाम्या पोटी नको. मधले सातही चौकोन रिकामे. परिणामाच्या रेघेवर लिहिलं: किडनी गेली. चुकांची वेगळी वही होती, जुन्या बाईंनीच सुरू केलेली. बाईंनी चिठ्ठी साहेबांपुढे ठेवली. साहेब म्हणजे विभागप्रमुख, बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, मृदू, कोणालाही न दुखावणारा माणूस.

त्यांनी वाचली. परत वाचली. "हे वहीत कशाला?"

"चूक आहे म्हणून."

"अहो, पण स्वयंपाकघर काही आपला विभाग नाही."

"उत्तर तर मीच दिलं ना? तोंड तेच आहे."

"बाई, समजून घ्या. वरच्या लोकांना ही खोली एक्स-रेला देऊन टाकायचीय. त्यांचं म्हणणं, मोबाईलवर सगळं मिळतं, बाई कशाला हव्यात. ही चिठ्ठी त्यांच्या हातात पडली तर उद्या कुलूप. मग त्या सिस्टरने कोणाला विचारायचं, गोळी कुटू की नको? सांगा."

प्रश्न बरोबर होता. साहेबांनी चिठ्ठीची घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली, हळुवार, एखादं औषध ठेवावं तशी. "तुम्ही दोन दिवस रजा घ्या," म्हणाले.

त्यांनी रजा घेतली नाही. मंगळवार होता. दुधाचे गृहस्थ फोनवर आले. "पाण्याबरोबर," बाई म्हणाल्या, आणि जेवलात का हे विचारायचं विसरल्या. गृहस्थ थोडा वेळ थांबले, मग "बरं तर" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दोन दिवसांनी दारातून एक खांदा आत आला. बाई मान वर न करता म्हणाल्या, "बाहेर, डावीकडे."

"मी आहे, ताई." कुलूपवाला. डोळे तांबारलेले. "मी गोळी दिली नाही हो त्यांना."

"म्हणजे?"

"काल वहिनी दुकानावर आल्या. भर रस्त्यात, माणसं जमवून. म्हणाल्या, पाकीट कुठल्या खणात आहे ते तुला बरं माहीत! तूच तो गिऱ्हाईक. माझ्या माणसाला मारून वर उचलून नेण्याचं नाटक करतोस. ताई, मला खण माहीत होता, कारण ते रोज माझ्यासमोर गोळी घ्यायचे. मी एकदा म्हटलंसुद्धा, रोज कशाला घेता. तर म्हणाले, काळजी नको, पक्क्या ठिकाणी विचारलंय."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"गिऱ्हाइकं यायची थांबलीयत, ताई. किल्ली करायला दिली तर डुप्लिकेट ठेवून घेईल म्हणतात. तुम्ही वहिनींना सांगा ना. तुमचं ऐकतील. औषधातलं तुम्हालाच कळतं घरात."

"सांगते," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"आजच सांगते."

डायलिसिसच्या खोलीबाहेर लाकडी बाक आहे. आत दादा मशीनला जोडलेला. काचेतून फक्त त्याचे पाय दिसत होते. वहिनी बाकावर बसून बाटलीचा एक सैल झालेला दोरा पुन्हा घट्ट बांधत होत्या. बाई शेजारी बसल्या. कोट घातलेलाच होता.

"वहिनी, कुलूपवाल्याने गोळी दिलेली नाही."

"त्याने तुमचेही कान भरले का?"

"नाही. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे? तुम्ही होतात तिथे?"

"होते. आपल्या स्वयंपाकघराच्या दारात. दादाने मला विचारलं होतं."

वहिनींचे हात थांबले नाहीत. गाठ पूर्ण झाली. दोऱ्याचं टोक त्यांनी दाताने तोडलं.

"कधी?"

"शाळा सुरू व्हायच्या आधी. सकाळी. मी निघाले होते."

"काय विचारलं त्यांनी? शब्द सांगा."

"दुखण्याची गोळी प्रेशरवाल्याला चालते का."

"आणि तुम्ही?"

"चालते, म्हणाले. रिकाम्या पोटी नको."

"कोणासाठी, विचारलंत?"

"नाही."

"किती दिवस घ्यायची, सांगितलंत?"

"नाही."

"सोबत दुसरं काय चालू आहे, ते?"

"नाही, वहिनी."

"सगळ्या जगाला विचारता की. तो एक माणूस दुधाचं विचारतो, त्याला जेवण विचारता. घरी येऊन हसत सांगता आम्हाला." वहिनींचा आवाज जराही चढला नव्हता. "मी कुठे होते तेव्हा?"

"माहीत नाही."

"मला माहीत आहे. गच्चीवर. कपडे वाळत घालत होते. जिन्यात तोंड करून एक हाक मारली असतीत, तर डबी घेऊन खाली आले असते. दाखवली असती. लघवीची गोळी वरच होती."

काचेपलीकडे मशीनने बारीक शिट्टी दिली. एक नर्स येऊन काहीतरी दाबून गेली. दादाचे पाय हलले नाहीत.

"तुम्ही मला हे सांगताय, ते त्यांना ठाऊक आहे?" वहिनींनी विचारलं.

"त्यानेच मला बोलू दिलं नाही."

"हो. ते तसेच."

बाई वाट बघत राहिल्या. शिवी चालली असती. हाताला किडे पडोत, हे ऐकायची सवयही झाली होती. वहिनींनी बाटलीचं टोपण फिरवून घट्ट केलं, बाटली पिशवीत उभी ठेवली, शेजारी दादाचा टॉवेल घडी करून खोवला.

"कुलूपवाल्याची माफी मी मागते," बाई म्हणाल्या. "तुम्ही जाऊ नका. मी आजच जाते. तिथल्या सगळ्यांना सांगते की मी..."

वहिनी उठल्या. पिशवी खांद्याला लावली.

"वहिनी, मी संध्याकाळी घरी येऊ ना?"

वहिनींनी काचेतून एकदा आत, त्या पायांकडे पाहिलं. मग पिशवी सावरत, बाटली आडवी होणार नाही याची काळजी घेत, त्या लांबच लांब पॅसेजमधून चालत गेल्या. शेवटचं झुलतं दार त्यांच्यामागे दोनदा हललं आणि थांबलं.